हाच काढ!

आखाडा बाळापूर

रा. रा. उद्धवदाजी यांस, तुमच्या बायकोचा थोरला भाऊ तातेराव याचा दात-ओठ खाऊन नमस्कार. तुमची तब्येत बरी असेलच, दुसऱ्याचं रक्त आटवणाऱ्यांची बरीच असते. आमच्या दिपाला, म्हणजे तुमच्या बायकोला, आशीर्वाद. पत्र काहून लिहून राहिलो, तर फोनवर तुमी मला बोलू देत न्हाई.

सिद्धेश्वरच्या धरणावर आपण गेलो ते एकाच कामाला. मायला भिंतीवर आमच्या वडलांच्या, बापूंच्या फोटोशेजारी लावायला स्वतःचा हसरा फोटो पाहिजे होता. (बापू फोटोत फार रागीट आहेत, शेजारी कोणीतरी हसलेलं पाहिजे, हे तिचंच म्हणणं.) मी माझा रोलचा कॅमेरा घेऊन ऊन उतरायची वाट पाहत बसलो. रोलमध्ये शेवटचा फोटो उरलेला, त्यात माणूस विचार करून बटन दाबतो. अन् तुमी मधेच तुमचा डिजिटल घेऊन कटाकट कटाकट, भेंडी तोडल्यासारखे. वर प्रत्येक फोटो तिला दाखवायचा. ती म्हणणार नाक मोठं आलं, काढून टाक. की तुमी टाकला काढून. शेवटी एक झकास हसरा आला. माय खुश होऊन म्हणाली, हाच काढ. कागदावर काढ, असं म्हणत होती ती. तुमी तोबी काढून टाकला. काढणं अन् काढून टाकणं यातला फरक जावयाला कळू नये, कमाल झाली. (मग मी तुमची कॉलर धरली, ते बराबरच होतं.)

आता माझ्या रोलवरून तुमी सगळ्या सोयऱ्यात हसून राहिले, त्याचं ऐका. शेवटचा फोटो मी मायचाच घेतला होता. घरी येऊन एवढंच म्हणलो की रोल हिंगोलीला धुवायला न्यायचाय. माय घरातलं मळकं काही बाहेर जाऊ देत न्हाई. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं डबीतली सगळी पट्टी ओढून साबणाच्या पाण्यात घोळसली अन् चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. उजेड लागला तिथंच रोल खलास, साबण तर पुढची गोष्ट. वर मला विचारते, आता तरी चांगली दिसन का रे मी? तिच्यावर रागावता येत न्हाई, म्हणून तुमच्यावर रागावून राहिलो. यापुढं तो कॅमेरा घेऊन आमच्या दारात येऊ नका.

तातेराव

ता. क. दिपा म्हणते, आपली जुंपली तेव्हा तिनं तुमच्याच कॅमेऱ्यानं एक फोटो काढला. पुढं माझा हात, तुमची कॉलर, अन् मागं माय पोट धरून हसून राहिली. तो काढू नका. म्हणजे काढून टाकू नका. कागदावर काढून घेऊन या, लवकर. (कॅमेरा आणला तरी चालंल.)

आणखी ता. क. आपल्याला कातरून नुसती माय ठेवू म्हणलं, तर ती ऐकत न्हाई. फोटो अख्खाच पाहिजे म्हणते. म्हणजे पुढंमागं तिला हार घालायची वेळ आली, की आपण दोघंबी जिवंतपणी त्याच हारात.