तीन महिन्यांची सरासरी आणि तुमचे बंधू

भाईंदर (पूर्व),
शनिवार, दुपार.

ती. आशावन्संना मनोरमाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. गुडघ्यांचं काही विचारू नका.)

तुमची तब्येत बरी असावी. भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, विडी सोडायला मुहूर्त बघत बसू नका. गाय व्याली असेल तर कळवा. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं किती ते पुढे कळेलच.

आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हिने कागद कशाला घेतला? तर वन्सं, फोनवर तुम्ही बोलता ते समोरच्या ब्लॉकमधल्या हंसाबेननाही स्वच्छ ऐकू येतं, आणि मग त्या मला जिन्यात गाठून विचारतात, "भाभी, गाय को क्या हुआ?" दुसरं म्हणजे मी यांच्याबद्दल अर्धं वाक्य काढलं की तुम्ही "माझ्या बबनला काही बोलायचं नाय हां, तू त्याला उपाशी ठेवतेस" म्हणून मोकळ्या. म्हणून मी ठरवलंय, या पत्रात तक्रार एकसुद्धा करायची नाही. नुसतं कौतुक करायचं. आणि खरं सांगू, कौतुक करण्यासारखंच आहे हो. बत्तीस वर्षं संसार केला, पण हा माणूस एवढा हुशार आहे हे मला गेल्या चार वर्षांतच कळलं. म्हणजे यांना शुगर निघाली तेव्हापासून.

आधी यांचा दिनक्रम ऐका. केबिन रोडवरचा आपला घड्याळांचा गाळा तुम्ही पाहिलाय. आत एक स्टूल, एक टेबल, आणि उरलेल्या जागेत हे. सकाळी दहाला डोळ्याला भिंग लावून बसले की रात्री साडेनऊलाच उठायचे. मध्ये उठायची गरज पडू नये म्हणून सगळी हत्यारं हाताच्या अंतरावर मांडलेली. (पाण्याची बाटलीसुद्धा. वडापाववाला तर पाच फुटांवरच आहे, तो देवानेच मांडलाय.) घरापासून दुकान चालत आठ मिनिटं, पण हे शेअर रिक्षाची वाट बघत बारा मिनिटं उभे राहणार. दिवसाला नऊ कटिंग चहा, प्रत्येकात साखर "अर्धाच चमचा", कारण डॉक्टरांनी अर्ध्यावर आणायला सांगितलं होतं आणि हे शब्दाचे पक्के. रात्री साडेदहाला जेवण, पावणेअकराला घोरणं. रविवारी फाफडा-जलेबी. का, तर म्हणे भाईंदरात राहून रविवारी जलेबी नाही खाल्ली तर शेजाऱ्यांना वाईट वाटतं. शेजाऱ्यांच्या मनाचा एवढा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

असं असूनही चार वर्षं यांचे रिपोर्ट इतके सुंदर यायचे की आमचे जुने डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठायचे. यांची पद्धत अशी. डॉक्टर दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची शुगर बघायचे. तारीख ठरलेली. मग तारखेच्या दोन दिवस आधी आमच्या घरात एक ऋषी अवतरायचे. सकाळी कारल्याचा रस, दुपारी दुधी, संध्याकाळी सातलाच जेवण आणि मग शतपावली नाही, सहस्रपावली! पार खाडीपर्यंत जाऊन यायचे. तिसऱ्या दिवशी रक्त दिलं की रिपोर्ट एकशेचार. डॉक्टर म्हणायचे, "व्वा, तुमच्यासारखे पेशंट हवेत." आणि घरी येताना हे त्या आनंदात पाव किलो जलेबी घेऊन यायचे.

गंमत बघा. गिऱ्हाइकाचं घड्याळ दुरुस्त झालं तरी हे लगेच देत नाहीत. आठ दिवस भिंतीवर चालत ठेवतात, मागे पडतंय का पुढे जातंय ते बघतात, मगच हातात देतात. "गिऱ्हाईक यायच्या आधी काटे जुळवून द्यायचे ही बेइमानी" असं सगळ्या केबिन रोडला ऐकवतात. आणि स्वतःच्या रक्ताचे काटे मात्र आदल्या दिवशी जुळवून न्यायचे! मी एकदा हे तोंडावर बोलले तर म्हणाले, घड्याळ दुसऱ्याचं असतं, रक्त आपलं आहे.

आता लपवण्याची कला. मी घरातलं गोड बंद केलं तेव्हा यांनी दुकानात सोय केली. मनगटी घड्याळांच्या रिकाम्या डब्यांतून पेढे. (एका डब्यात बरोबर एक पेढा मावतो, गादीसकट.) आणि सगळ्यात भारी म्हणजे डोंगरीच्या एका आजोबांचं लंबकाचं घड्याळ आठ दिवसांच्या तपासणीला भिंतीवर लावलं होतं, त्याच्या पेटीत लंबकाच्या खाली बेसनाचे दोन लाडू. लंबक लागणार नाही एवढी जागा मोजून ठेवलेले! नेमकी त्या दिवशी अर्धा तास दुकानात मी बसले होते. हे बँकेत गेलेले, आजोबा आले, मी घड्याळ गुंडाळून दिलं. तिसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले तर ते घड्याळ टॉवेलात घेऊन आजोबा हजर. म्हणाले, "टाइम बेस हाय, पन याच्यात मुंग्या हायेत." वन्सं, तुमच्या भावाचा चेहरा जराही हलला नाही. "जुन्या वंगणाला मुंग्या येतात आजोबा, काढून देतो," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पेटी उघडून पाठमोरे झाले. मी त्याच दिवशी दुकानातला प्रत्येक डबा उघडला आणि पिशवी भरून माल जप्त केला. चार वर्षांत अशा जप्त्या किती केल्या त्याची गणती नाही. यांनी एकदाही आवाज चढवला नाही, उलट शांतपणे पिशवीचं तोंड धरून उभे राहिले. (हासुद्धा मोठा गुण आहे.)

पण या गणपतीनंतर घात झाला. जुने डॉक्टर मुलाकडे पुण्याला गेले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. चष्मा नाकावर, बोलणं कमी. त्यांनी रक्ताची चिठ्ठी लिहून दिली. यांनी नेहमीप्रमाणे दोन दिवस ऋषी होऊन घेतलं. लॅबची मिनल सकाळी घरी आली, चांगली हसरी मुलगी आहे. यांनी दंड पुढे करत ऐटीत सांगितलं, परवापासून साखरेचा कण नाही. तर ती सुई लावता लावता म्हणते, "काका, परवाचं टेन्शन नका घेऊ, यात तीन महिन्यांचं अ‍ॅव्हरेज येतं." वन्सं, सुई टोचली तेव्हा नाही, पण हे ऐकल्यावर यांच्या तोंडून "आई गं" आलं. तिला विचारतात, दोन दिवसांचं अ‍ॅव्हरेज देणारी टेस्ट नसते का. ती बिचारी सिरियसली विचार करायला लागली.

रिपोर्ट आला नऊ पॉइंट चार. सात म्हटलं तरी डॉक्टर भुवया चढवतात म्हणे. बाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, दिवसभर बसून असता? जेवण किती वाजता? झोप किती? चालणं किती? यांनी पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, एका जलेबीने काही होत नाही हो, पण रोजचं बसणं, रोजचं अवेळी जेवण, रोजचे नऊ चहा, हे सगळं साचत जातं. आणि डोळे तपासायला पाठवलं. तिथे डोळ्याच्या पडद्यावर बारीक ठिपके निघाले. आता सांभाळलं तर इथेच थांबतील, नाहीतर वाढतील, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले.

यांनी एकच विचारलं. "केसाएवढी स्प्रिंग दिसत राहील ना?" डॉक्टरांना कळलंच नाही. मला कळलं. घड्याळाच्या पोटातली ती स्प्रिंग चिमट्याने उचलता येते म्हणून हा माणूस हा माणूस आहे. ते गेलं तर यांच्यात काय उरणार? मी तिथे रडले नाही. रिक्षात रडले. त्या दिवशी यांनीच शेअर रिक्षा न करता सबंध रिक्षा केली, मला रडता यावं म्हणून.

आता खरंखुरं कौतुक. आज साडेसहा आठवडे झाले. हे चालत दुकानात जातात, चालत येतात. दर तासाला स्टूलावरून उठून गाळ्याबाहेर उभे राहतात. (येणारे-जाणारे विचारतात, बबनशेठ, कुणाची वाट बघताय?) चहा दोन, बिनसाखरेचे, आणि ते पिताना चेहरा असा करतात की चहावाल्याने सॉरी म्हटलं. रात्रीचा डबा दुकानातच आठला उघडतात, दहाला झोपतात. दसऱ्याला हंसाबेन स्वतः जलेबी घेऊन आल्या, तर हात जोडून म्हणाले, "बेन, अब आपको बुरा लगेगा तो लगने दो." आणि गिऱ्हाइकांच्या घड्याळांना बांधतात तसलं एक लेबल लिहून फ्रिजला चिकटवलंय. नाव: स्वतः. तक्रार: आतून बिघाड. तपासणी: तीन महिने. बाहेर देऊ नये. मी वाचलं आणि हसता हसता डोळे पुसले. वन्सं, खोटं नाही लिहीत, या माणसाचा मला लग्नातही एवढा अभिमान वाटला नव्हता.

भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण तुमच्या भावाचे गुणच एवढे आहेत.

तुमची,
मनोरमा

ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. इथून पुढे लक्झरी बसच्या ड्रायव्हरबरोबर फणसपोळी, खाजा, आंबावडी काही म्हणजे काही पाठवू नका. मागच्या आठवड्यात पाठवलेलं पोचलं. यांना दाखवलं नाही. वरच्या फळीवर ठेवलंय. आता त्यात चारच फणसपोळ्या उरल्यात.

ता. क. २. वन्सं, मुख्य हेही नव्हतं. मिनल आली त्या दिवशी तुमच्या भावाने हट्ट धरला, माझं काढतेस तर हिचंही काढ, एकट्याला का शिक्षा? म्हणून तिने माझंही रक्त नेलं. दोन्ही रिपोर्ट माझ्याच फोनवर आले. यांचा नऊ पॉइंट चार. माझा दहा पॉइंट एक. माझा मी कुणाला दाखवला नाही. यांनी विचारलं तर "नॉर्मल" म्हटलं.

कारण मला माहीत आहे. चार वर्षं यांच्याकडून जप्त केलेलं सगळं गेलं कुठे? अन्न टाकवत नाही हो माझ्याने. पेढे, लाडू, डोंगरीहून परत आलेले दोन, मुंग्या झटकून. ओट्यापाशी उभ्या उभ्या, यांना कळू नये म्हणून. आणि यांनी साडेदहाला ताटात टाकलेलं, तेही. हे चालतात, मी टीव्हीसमोर यांची वाट बघते. तहान भागत नाही, तळपायाला मुंग्या येतात, आणि मी दिवसभर यांना भाषण देते.

माझ्या तोंडून सांगवत नाही. तुम्ही फोन करा, पाहिजे तेवढ्या मोठ्याने बोला, हंसाबेनना ऐकू गेलं तरी चालेल. तुमच्या बबनला सांगा, मनोरमाच्या हातातलं काढून घे. मी खूप भांडेन, त्याने ऐकायचं नाही. मला भीती वाटते वन्सं. तो हसला तर हसू दे, पण काढून घ्यायला सांगा.