शेवटचे शंभर जीबी

४ मार्च, मंगळवार

आल्या! बारा डिस्क, प्रत्येकी सोळा टीबी. खोकी फोडून सगळ्या ओळीनं मांडल्या. साहेब दारातूनच म्हणाले, "यंदा बाहेरचा माणूस नको. तूच कर सगळं." मी? एकटी? पाच वर्षं या हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये केबलींना लेबलं चिकटवली आणि आता सगळ्या पेशंटांचे स्कॅन माझ्या हाती!

जुन्या डिस्कांच्या कपाटातलं सगळं या महिन्यात नव्यावर आणायचं, मग जुनं पुसायचं. काही हरवलं तर मी पुन्हा लेबलांवर, हे नक्की.

५ मार्च

सकाळी तोंडचं पाणी पळालं. सोळा टीबीची डिस्क, पार्टिशन करून बघते तर दोनच टीबी! दुसरी घेतली — तीही दोनच. तासभर दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली. मग ट्यूब पेटली. सवयीनं मी डिस्कवरच्या जागेची नोंद ठेवणारा तक्ता जुन्या पद्धतीचा मांडला होता, आणि त्या बिचाऱ्याला दोन टीबीच्या पुढे मोजताच येत नाही! नव्या पद्धतीचा मांडला, आकडा टुणकन सोळावर. मी ओरडलेच. रिसेप्शनवाली धावत आली, "काय जळलं?"

काही नाही जळलं, बाई. मोठी झाले मी.

६ मार्च

काकांना फोन केला. माझ्याआधी ही खोली तेच सांभाळायचे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी महिन्यातून एकदा आमच्या घरी येतातच. आई म्हणते, "असा भला माणूस मिळणार नाही."

सगळं ऐकून म्हणाले, "प्रत्येक डिस्कच्या शेवटी शंभर जीबी सोड. रिकामे."

"का?"

"सोड म्हणतो ना."

बस्स, एवढंच! बारा डिस्कांचे बाराशे जीबी फुकट? इकडे एमआरआयवाले डॉक्टर जागेसाठी हात धुऊन मागे लागलेत.

८ मार्च

नाही ऐकलं काकांचं. टोकापर्यंत वापरल्या. बाराही जणींची मोट बांधली — एकशे साठ टीबी! दोन डिस्कांएवढी जागा सुरक्षेला जाते, म्हणून एखाद-दुसरी मेली तरी काही हरवत नाही. मात्र मेलेलीच्या जागी लगेच नवी बसवायची. जागा रिकामी राहिली आणि आणखी जात राहिल्या, तर सगळंच पाण्यात.

पण आज नको ते विचार. एकशे साठ!!

९ मार्च, रविवार

ताई लेकीला घेऊन आली. उद्या शाळेचं संमेलन आणि फ्रॉक होईना. भोकाड पसरलं पोरीनं. आई शांत. "रडू नकोस गं. शिंप्याला आतल्या शिवणीत दोन बोटं कापडाची माया सोडायला लावलीय मी." उसवायचं काम माझ्याकडे, कारण आईचा उजवा अंगठा बधिर आहे. सहा वर्षांपूर्वी वीज पडली आणि हॉस्पिटलातले अकरा महिन्यांचे स्कॅन गेले. त्यात आईच्या मनगटाचाही होता. गाठ जुनी की नवी हे ताडून बघता येईना, म्हणून मनगट उघडलं. निघालं काहीच नाही. एक नस मात्र दुखावली. आई शिवणकाम करून घर चालवायची, ते थांबलं.

शिवण सोडली, फ्रॉक बसला, पोरगी नाचायला लागली. आणि माझ्या डोक्यात लख्ख! उद्या एक डिस्क मेली आणि बदली आलेली केसभर लहान निघाली तर? लेबलवर सोळाच असेल, पण आत चार-दोन एमबी कमी? बसणारच नाही ती! माझ्याकडे उसवायला काही ठेवलंच नाही मी!

१० मार्च

सगळं मोडलं. पुन्हा मांडलं. प्रत्येकीच्या शेवटी शंभर जीबी कोरे. साहेब म्हणाले, "अगं, झालं होतं ना?" म्हटलं, झालं होतं, पण चुकीचं झालं होतं. एकशे एकोणसाठवर आलो. एमआरआयवाल्यांनी नाक मुरडलं. मुरडोत!

१४ मार्च

विश्वास बसत नाही!! सात नंबरची डिस्क आज मेली. चार दिवसांत! दुकानदाराकडे तीच नव्हती, दुसऱ्या कंपनीची दिली. मोजली — अडतीस एमबी कमी. अडतीस! आणि बसली, अगदी आरामात. सर्व्हर रूममध्ये एकटीच नाचले. साहेबांनी काचेतून बघितलं. बघोत.

१७ मार्च

जुनं कपाट आवरताना तळाशी एक डिस्क सापडली, कधीच न वापरलेली. वर काकांच्या अक्षरात चिठ्ठी: "बसली नाही. १२ एमबी कमी. दुसरी मागवली." खाली तारीख. वीज पडली म्हणतात त्याच्या चार दिवस आधीची.

वीज कुठली! जुन्या कपाटात सुरक्षेला एकाच डिस्कएवढी जागा होती; दुसरी येईपर्यंत आणखी एक मेली असणार, आणि सगळं गेलं.

कितीतरी वेळ जमिनीवरच बसून होते. मग काकांना फोन लावला. चिठ्ठीचं काढायचं होतं, पण तोंडातून निघालं, "काका, शंभर-शंभर सोडले मी."

 मग म्हणाले, "आईचा अंगठा कसा आहे गं?"