विकीच्या लॅपटॉपमधला फॉल्ट

नारपोली, भिवंडी
रविवार, दुपार

ती. कौसल्याताईस,

धाकट्या जानूचा मानाचा जय भीम. दाजींनाही माझा जय भीम सांग. (झोपले असतील तर उठल्यावर सांग, पण आठवणीनं सांग. मागच्या वेळी तू विसरलीस आणि त्यांनी हळदीत सगळ्यांदेखत मला विचारलं, की काय जानूभाऊ, आमचा जय भीम महाग झाला का?) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय तरी तू गच्चीवर पापड घालायला जातेस, असं मला कळलं आहे. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. माझी झोप तेवढी गेली आहे, बाकी काही नाही.

हातात फोन असताना जानू पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. तर ताई, तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि मला जे बोलायचं आहे ते तुझ्या विकीच्या कानावर जाता कामा नये. शिवाय आमच्या दोन खोल्यांत मी फोनवर खोकलो तरी स्नेहलची आई कारण विचारते. म्हणून पत्र. वाचून झाल्यावर पिठाच्या डब्याखाली ठेव.

विषय विकीनं स्नेहलसाठी पाठवलेल्या लॅपटॉपचा आहे. पोराचं मन मोठं, त्याबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. त्याला कंपनीकडून नवा मिळाला, तर त्यानं जुना विकला नाही, मामेबहिणीला दिला. खोकं आलं त्या दिवशी आमच्याकडे शेवयांची खीर झाली, शेजारच्या गोदूबाईलाही वाटीभर दिली. मग स्नेहलनं झाकण उघडलं, पडदा उजळला, आणि माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. पडद्याच्या वरच्या काठाला, बरोबर मधोमध, काळा तुकडा! जणू कुणी कात्रीनं कापून नेलाय.

तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं अरशदशेठच्या कारखान्यात तागे तपासतो. लूमवरून कापड उतरलं की ते माझ्या टेबलावरून ट्यूबलाइटखालून सरकतं. तुटलेला धागा, तेलाचा डाग, भोक, काहीही दिसलं की मी काठाला लाल बाणाचं स्टिकर लावतो, आणि तो तागा सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात जातो. या कामानं माझा डोळा बिघडला आहे. लग्नाला गेलो तर नवरी नंतर दिसते, मांडवाच्या कापडातला फॉल्ट आधी दिसतो. (माझ्या स्वतःच्या लग्नातही दिसला होता. स्नेहलची आई अजून म्हणते, की तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हता.) अशा माणसासमोर मधोमध काळा तुकडा असलेला पडदा ठेवल्यावर त्याचं काय होणार?

गोदूबाईनंही पाहिलं. म्हणाली, "जानू, ह्ये जळलंय का रं? मधीच काळं हाय." म्हणजे नुसता माझाच डोळा नव्हे.

स्नेहल हसली. म्हणाली, "बाबा, त्याला नॉच म्हणतात. त्यात कॅमेरा असतो." मी विचारलं, की कॅमेरा पडद्यातच कशाला खुपसायचा, बाहेर जागा नव्हती का? तिनं खांदे उडवले. पण दोन दिवसांनी तीच कुरकुरायला लागली. विकीनं वरच्या पट्टीत बारीक बारीक चित्रं इतकी भरून ठेवली आहेत, की ती सरकत सरकत त्या नॉचच्या मागे जातात आणि दिसेनाशी होतात. मी म्हटलं, बघ! जागा वाया जाते की नाही? ती म्हणाली, जाऊ दे बाबा, काम होतंय ना. तिचं काम होत होतं, पण माझी झोप गेली. कापडातलं भोक वेळीच धरलं नाही तर वाढतं. मी रोज सकाळी टेप लावून तो तुकडा मोजायला लागलो. पहिल्या दिवशी तीन सेंटिमीटर आणि वर थोडं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी मला धागाभर वाढल्यासारखा वाटला. (त्या दिवशी मी जवळच्या चष्म्याऐवजी लांबचा घातला होता, हे मागाहून लक्षात आलं.) आणि विकीला सांगायचं कसं? भाच्यानं प्रेमानं दिलेल्या वस्तूत मामानं फॉल्ट काढला, असं व्हायचं. न सांगावं तर त्याला दुकानदारानं फसवलं, ते त्याला कधी कळणार?

त्यात बुधवार आला. स्नेहलनं कापडाच्या डिझाइनचा डिप्लोमा केला ते तुला माहीत आहेच. इचलकरंजीच्या एका चादरींच्या कारखान्यात डिझाइनसाठी माणूस हवा होता. त्यांनी तिची मुलाखत लॅपटॉपवरच ठेवली, बुधवारी चार वाजता. तिथं एक मोठ्या बाई आहेत, त्या प्रश्न विचारणार. पोरगी आठ दिवस चादरींसाठी चौकटींची डिझाइनं काढत होती. आणि ताई, मंगळवारी जेवता जेवता माझ्या मनात आलं, की आपल्याला इकडून पडद्यावर काळा तुकडा दिसतो, तर त्या बाईंना तिकडून स्नेहलच्या कपाळावर दिसणार!

तू हसशील. आता मलाही कळतं. पण त्या वेळी मला ते इतकं खरं वाटलं, की मी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्नेहल कॉलेजातून सर्टिफिकेट आणायला कल्याणला गेली होती, तीनपर्यंत येणार होती. तिची आई नळावर होती. मी लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घातला आणि शेअर रिक्षानं धामणकर नाक्याला इमादच्या दुकानात गेलो. इमाद म्हणजे आमच्या कारखान्यातल्या गुलाम हुसेन मास्तरांचा मुलगा, मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करतो. मी त्याला म्हटलं, हा तुकडा काढ, नाहीतर भर, पण तीनच्या आत.

इमाद आधी माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं स्टूल दिलं, पाणी दिलं. (पाणी दिलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.) म्हणाला, "चाचा, टेन्शन घेऊ नका. ये फॉल्ट नहीं है." मग त्यानं एक जुना लॅपटॉप उघडून शेजारी ठेवला. त्याच्या पडद्याच्या वर बोटभर काळी पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कॅमेरा त्या पट्टीत. तो म्हणाला, "पूर्वी ही सगळी पट्टी रिकामी जायची. आता पडदा वरपर्यंत नेला, फक्त कॅमेऱ्यापुरता तुकडा सोडला. तुमची जागा गेली नाही चाचा, दोन्ही बाजूंची मिळाली." मग त्यानं एक चित्रफीत पूर्ण पडद्यावर लावली, तर वरची पट्टी आपोआप काळी झाली आणि चित्र नॉचच्या खालून सुरू झालं.

आता इथं मी "बरं" म्हणून उठायला हवं होतं. पण एकतीस वर्षांचा डोळा असा एका मिनिटात थोडाच ऐकतो? मी म्हटलं, शेठनं पन्हा दोन इंच वाढवून दिला आणि मधोमध भोक पाडलं, तर ते कापड फ्रेशमध्ये जाईल की सेकंडमध्ये? इमाद म्हणाला, भोक दांडी घालायलाच पाडलं असेल तर त्याला पडदा म्हणतात चाचा. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली होती, त्यांनीही तोंड घातलं. एक म्हणाला, सरासर जागेची नासाडी. दुसरा म्हणाला, फुकट मिळालेल्या जागेत खोट काढू नये. मी टेप काढला. कडेच्या दोन पट्ट्या मोजल्या, तुकडा मोजला, इमादच्या बिलाच्या मागं आकडेमोड केली. खरंच, मिळालेली जागा गेलेल्या जागेच्या कितीतरी पट निघाली. माझं मन इतकं हलकं झालं, की मी चौघांना चहा सांगितला. आणि चहा येतोय तोच स्नेहलचा फोन.

"बाबा, लॅपटॉप कुठंय?"

सव्वातीन वाजले होते, ताई. मी म्हटलं, माझ्याजवळ आहे, हा निघालोच. बाहेर बघतो तर नाक्यावर दोन कंटेनर समोरासमोर अडकलेले, मागं टेम्पो, मध्ये रिक्षा, मुंगीला वाट नाही. मी अभ्रा छातीशी धरून पन्नास पावलं गेलो आणि परत आलो. मला असा घाम आईच्या ऑपरेशनला पण फुटला नव्हता. फोन केला, की पोरी, मला येता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "तिथंच थांबा. हलू नका." आणि ती चालत आली. चालत कसली, पळतच. चारला दहा कमी असताना दारात उभी राहिली तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, हातात फाइल. तिनं आधी माझ्या हातातला अभ्रा काढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

इमादनं काउंटर मोकळा केला, मागच्या फुटक्या मोबाइलांवर चादर टाकली. लॅपटॉप उघडला आणि स्नेहल म्हणाली, "बॅटरी किती आहे?" बॅटरीचं चित्र कुठंच दिसेना. ते नॉचच्या मागं गेलं होतं! इमादनं सेटिंगमध्ये शिरून बघितलं तर सहा टक्के. (सकाळी मोजायला मी उघडून ठेवला होता, उजेड पूर्ण करून. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.) चार्जर घरी. इमादनं ड्रॉवर उपडा केला, अकरा चार्जर लावून पाहिले, बारावा बसला, पण सैल. पिन दाबून धरली तरच करंट जायचा, आणि तोही इतका बारीक, की बॅटरी उतरतच होती. म्हणून मी काउंटरच्या कडेला गुडघ्यावर बसलो आणि पिन धरली. चार वाजता बाई पडद्यावर आल्या. त्यांना स्नेहल दिसली, कपाळावर काही नव्हतं. मला तेवढ्यानंच रडू येत होतं.

पोरगी छान बोलली, ताई. आपल्या घरात इतकं न अडखळता कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. तिनं चौकटी दाखवल्या. मग बाईंनी विचारलं, चादर लूमवरून उतरली की तू आधी काय बघशील? मला वाटलं ही रंग म्हणेल. ती म्हणाली, "काठ. माझे वडील तागे तपासतात. ते सांगतात, मधला फॉल्ट कुणालाही दिसतो, काठाजवळचा बघायला माणूस लागतो. मी डिझाइन शिकले कॉलेजात, पण कापड बघायला शिकले..."

आणि माझा हात सुटला.

पडदा काळा. सगळाच्या सगळा. नॉच कुठला आणि पडदा कुठला, काही फरकच उरला नाही. मी पिन पुन्हा दाबली, पण तो मेला होता. तुला सांगतो, त्या क्षणी धरणी फाटली असती तर मी जागा वाया जाते की काय हे न बघता आत गेलो असतो. स्नेहल माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी समजू शकलो असतो. ती म्हणाली, "बाबा, रडू नका ना, ते परत फोन करतील."

पाच मिनिटांनी तिच्या मोबाइलवर बाईंचाच फोन आला. म्हणाल्या, तुझं वाक्य अर्धं राहिलं, कापड बघायला कुणाकडून शिकलीस? स्नेहलनं मग उरलेलं सगळं फोनवर सांगितलं, अर्धा तास. मी बाहेर कंटेनरवाल्यांचं भांडण बघत उभा राहिलो. आत थांबायची माझी लायकी नव्हती.

घरी आम्ही चालतच आलो. नारपोलीच्या वळणापर्यंत ती माझ्यापुढं दोन पावलं चालत होती. मग म्हणाली, "बाबा, एकदा विचारलं असतंत तर मीच समजावून सांगितलं असतं." मी म्हटलं, तू हसली असतीस. ती म्हणाली, "हसले असते. मग सांगितलं असतं."

तर ताई, एवढंच सांगायचं होतं. लॅपटॉप उत्तम आहे, विकीला शंभर आशीर्वाद. नॉचमुळं जागा वाया जात नाही, हे मी स्वतः मोजून पाहिलं आहे. हा प्रकार इमादकडून नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर आलाच तर तू माझी बाजू घे, म्हणून आधीच लिहिलं.

दाजींना सांभाळ. पापड आता पुरेत.

तुझा धाकटा,
जानू

ता. क. शुक्रवारी इचलकरंजीहून पत्र आलं, लॅपटॉपवरच. स्नेहलला घेतलं. एक तारखेला हजर व्हायचं आहे, बायकांचं हॉस्टेल कारखान्याजवळच आहे. हे वर लिहायला हवं होतं, मला कळतं. तीन वेळा लिहायला घेतलं आणि प्रत्येक वेळी लॅपटॉपचंच लिहीत बसलो.

ता. क. दुसरा. तिची गाडी तीस तारखेला सकाळी सात वाजता आहे. तू गुडघ्याचं न बघता दोन दिवस आधी ये आणि तीसला सकाळी सातच्याच सुमारास परत घरी नाशिकला निघ. मी तुला सोडायला येईन. स्टँडवर मी रडायला लागलो तर लोकांना, आणि मुख्य म्हणजे पोरीला, वाटेल की बहीण निघाली म्हणून रडतोय.