वरून दिसलेलं कडाव

१५ एप्रिल

पटावर बावीस, वर्गात चार! मी फळ्यावर रेषा मारतेय आणि ते चौघंही मोबाइलमध्ये. राग आला. पण खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आलाय — वीस वर्षं तोच माठ, तीच केळी.

केतनला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, लग्नांचं शूटिंग ड्रोनने करतो. "परवानगीचं मी बघतो मॅडम. चहा तुमचा."

१६ एप्रिल

प्राचार्यांनी सही दिली. "चित्रकलेला ड्रोन कशाला?" — तीनदा विचारून.

१९ एप्रिल

एकवीस आले! कडाव गावच्या शेतांत उभे राहिलो, केतनने ड्रोन वर सोडला. माझी अट — ड्रोनच्या पडद्यावर पाच मिनिटं बघायचं, मग पडदा बंद, आणि आठवून काढायचं. आमची ही वानरसेना चक्क गप्प!

शेतांत मधेमधे काळे चौकोन. मला वाटलं पडदाच बिघडला. निशिगंधा हसली. "राब हाय तो मॅडम. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. तो वडाजवळचा आमचा. बाबांनी परवाच भाजला."

केतनने ड्रोन जरा खाली घेतला. वडाजवळच्या शेतात चुन्याच्या पांढऱ्या रेषा. राबावरूनसुद्धा.

"प्लॉट पाडले गं तुमच्यात!" — अक्षय. त्याला काय, बोलून मोकळा.

चुना पडला म्हणजे जमीन विकली गेली, हे इथे लहान पोरालाही कळतं. निशिगंधाला घरी कुणी सांगितलंच नव्हतं. ती खाली बसून पेन्सिलीला टोक करत राहिली, खूप वेळ.

२२ एप्रिल

सगळ्यांत सुंदर चित्र निशिगंधाचंच. बांध, वड, राब, सगळं जागच्या जागी. फक्त रेषा नाहीत. आणि मी पडले मास्तरीण! म्हटलं, "दिसलं ते काढायचं ठरलं होतं ना?"

"असू द्या ना मॅडम. शनिवारी प्रदर्शनाला आई येनार हाय."

आईसाठी चित्र नेटकं हवं असेल, असं वाटलं मला. नवा कागद दिला. तिने मुकाट्याने पुन्हा काढलं, रेषांसकट.

२३ एप्रिल

तिच्या घरातली गोष्ट मी तिला सगळ्या वर्गासमोर दाखवली. वर तीच पुन्हा काढायला लावली! आज पोरं विचारत होती, ड्रोन परत कधी? मी हजेरीपट उघडला. तिची माफी मागायची आहे, धीर होत नाही.

२५ एप्रिल

उद्याच्या प्रदर्शनाची चित्रं लावत होते. निशिगंधाचे वडील आले. चपला दाराबाहेर काढल्या. रेषांच्या चित्रापुढे जाऊन थांबले.

"मॅडम, पोरीनं पयलं काढलेलं हाय का?"

"आहे."

"तेच लावा. तिच्या आईला अजून म्हाईत नाय."