पाळी आली, जेमेली

प्रिय जेमेली,

काल सकाळी माझी पाळी आली. पत्राच्या पहिल्याच ओळीत हे वाचून तुला हसू येईल, पण जवळजवळ वर्षभराने आली गं, आणि मी संडासात बसून चक्क रडले. बाहेर मुली दार वाजवत होत्या, "जेलगात, आत घर बांधतेस का?" म्हणून ओरडत होत्या. दार उघडून मी कारण सांगितलं, तर सगळ्यांना वाटलं मी दुःखाने रडतेय. आपल्या धावण्याच्या कॅम्पात ही गोष्ट बंद झाल्याचा आनंद व्हायचा. चालू झाल्याचा कधी कुणाला झाला होता?

माझी थांबली तेव्हाचं तुला आठवत असेल. तूच सांगत सुटली होतीस, "हिची गाडी लागली आता लायनीला." नव्या मुलींनी माझे लाल मातीने भरलेले बूट धुवून दिले. जिची पाळी थांबली ती मोठ्या शर्यतीला तयार झाली, तिने त्या आठवड्यात स्वतःचे बूट धुवायचे नाहीत, असा आपला रिवाज. त्याआधी तुझे मी धुतले होते. आपल्याला धावायला शिकवणाऱ्या बिवोत सरांना आपण हे कधी सांगितलं नाही, पण आपली गालफडं बसलेली बघून ते खूश व्हायचे. "हलकी झालीस," म्हणायचे. आपल्याला याहून मोठं कौतुक ठाऊकच नव्हतं.

मग तुझ्या नडगीचं हाड चिरलं. तू पडली नाहीस, कशाला अडखळली नाहीस. चांगल्या सपाट रस्त्यावर खाली बसलीस ती उठलीच नाहीस. तुला गावी घेऊन गेले आणि मला माझ्याच पायांची भीती वाटायला लागली. धावताना कुठे जरा दुखलं की थांबून नडगी चाचपून बघायचे. शेवटी एल्डोरेट शहरात डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, दुसरा काही आजार नाही ना ते पाहिलं आणि मग दिवसभरात काय खातेस, म्हणून विचारलं. मी सांगितलं, तशा त्या बघतच राहिल्या. "अगं, एवढ्यावर माझी आईसुद्धा राहणार नाही, आणि ती दिवसभर खुर्चीत बसून असते." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तू चूल दिवसभर पेटती ठेवतेस आणि लाकूड घालत नाहीस. मग शरीर आधी पाळी बंद करतं, नंतर हाडांना हात घालतं." मी घाबरत विचारलं, मला पुढे मूल होईल ना? त्या म्हणाल्या, "आधी जेव. मग विचार."

तेव्हापासून मी जेवते आहे, जेमेली. धावायला निघण्याआधी दूध-साखरेचा दाट चहा आणि चपाती. परत आल्याबरोबर लापशी आणि अंडी. दुपारी मक्याच्या पिठाच्या उगालीचा चांगला मोठा गोळा, सोबत पालेभाजी, घेवडा आणि वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात आंबवलेलं मुरसिक. तेच दूध, जे आपण अंगाला जड म्हणून सोडलं होतं आणि वास मात्र घेत बसायचो. दुपारी झोपते, रविवारी अजिबात धावत नाही. पहिला महिना फार लाज वाटली. चढावर कालच्या पोरी पुढे निघून जायच्या. सरांनी टोमणा मारलाच, "काय जेलगात, शर्यतीला चाललीस की लग्नाला?" मी म्हटलं, "दोन्हीकडे जायचंय सर, म्हणून तर जेवते." आणि मग धीर करून डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं. पाळी हा शब्द कानावर पडताच ते घड्याळाकडे बघायला लागले, मग कुंपणापलीकडच्या गायींकडे. दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. "जेमेलीचीही बंद होती का?" मी हो म्हटलं. आता प्रत्येकीला विचारतात. मान खाली घालून विचारतात, पण विचारतात. आणि ऐक, आता शेवटच्या चढावरही माझ्या पायांत जीव उरतो.

एवढं पाल्हाळ का लावलं ते सांगते. तुझी धाकटी बहीण जेबेत गेल्या महिन्यात कॅम्पात आली, ते तुला माहीतच आहे. सरांनी विचारलं तेव्हा ती "सगळं नीट आहे" म्हणाली. काल जेवताना मात्र माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "माझी दोन महिने आलेली नाही. ताईसारखी." काय आनंद होता गं तिच्या चेहऱ्यावर. तिला मी परोपरीने समजावलं. दवाखान्यातही नेणार आहे. ती मान डोलावते आणि ताटातलं अर्धं बाजूला सारते, कारण लहानपणापासून तिने धावताना मला नाही, तुला पाहिलं आहे. तुझी आई सांगत होती, तू घरीसुद्धा अजून अर्धपोटी उठतेस, परत हलकी होऊन यायचं म्हणून. शनिवारी जेबेत घरी येते आहे. तिला उपदेश करू नकोस. फक्त तिच्यासमोर बसून पोटभर जेव, आणि आईकडून आणखी वाढून घे. तुला जड जाईल, मला माहीत आहे. पण तिची हाडं अजून शाबूत आहेत, जेमेली.

तुझीच,
जेलगात