डाव्या बाजूचा आवाज

मी, खाली सही करणारी, गाड्यांना स्पीकर आणि अँप्लिफायर बसवून देणारी बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मात्र उद्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती तशीच राहील, एवढे लिहून द्यायला ते तयार झाले नाहीत. म्हणून आजच.

१. कारण असे. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची गाडी तयार करून मी गाणे लावले, तर डावी बाजू मुकी. जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारी डबी बदलली. फरक नाही. डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. दोष वायरीत असता तर उजवीकडे गेला असता. गेला नाही. स्पीकर नवे लावले, तरी तेच. बाई कंटाळून आत येऊन बसल्या.

"अहो, दोन्हीकडून छान येतंय की! करताय काय तुम्ही?"

मी यांना हाक मारली. हे आमच्याच दुकानात सीटची कव्हरे शिवतात. बसले, ऐकले, म्हणाले, "येतंय गं. डावीकडूनही येतंय."

मग मी सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेकडे तोंड केले. गाडीची उजवी बाजू मुकी झाली आणि डावी बोलू लागली. मी गाणे बंद केले. बिघाड गाडीत नव्हता.

गाठ डाव्या कानाच्या आत, मेंदूला टेकून आहे. कान जाणार हे नक्की. "बाकीचं उघडल्यावर कळेल," असे म्हणून डॉक्टरांनी पेन खिशात ठेवले. हल्ली पाणी पिताना ओठाची डावी कड साथ देत नाही. काल पाना हातातून पडला, तो मुलीने उचलून दिल्यावर मला कळले. कानात बारीक शिट्टी असते. जिना चढले की तीही चढते.

२. हे हयात असेपर्यंत घर यांचे, त्यानंतर मुलीचे. यांच्या घोरण्याबद्दल कोणाचीही तक्रार ऐकली जाणार नाही.

३. दुकान, मीटर, पकडी आणि फळीवरचे सर्व स्पीकर मुलीला. बाळा, मेन वायरचा फ्यूज बॅटरीला लागूनच घालायचा. अर्थिंगची वायर कसण्याआधी पत्र्याचा रंग खरवडायचा, गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसले तरी. आणि एकटीच्या कानावर गाडी सोडू नकोस. बाबांना आत बसव.

४. माझा धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली शिकला आणि रस्त्यापलीकडे दुकान थाटून बसला. ते मी केव्हाच गिळले. पण गेले वर्षभर माझ्याकडून गेलेल्या गाड्यांची डावी बाजू कर्कश वाजायची. मला ऐकू यावी म्हणून मी ती नकळत चढवत होते. गिऱ्हाइके तक्रार घेऊन त्याच्याकडे गेली. तो त्यांना म्हणाला, "ताईचा कान गेलाय. तिच्याकडे गाडी नेत जाऊ नका."

ते खरे निघाले. पण तेच रस्ता ओलांडून त्याने मला सांगितले असते, तर गाठ लहान असताना सापडली असती. त्याला मी काही देत नाही. साक्षीला मात्र बोलावले आहे. त्याने हे कलम वाचूनच सही करावी.

५. मी जगले पण माणसे ओळखेनाशी झाले, तर दुकान माझ्यासाठी बंद ठेवू नये. मला तिथे नेऊन बसवूही नये.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. कानाचे डॉक्टर (सही)
२. धाकटा भाऊ (सही)

सह्या झाल्यावर लिहिलेले: भावाने चौथे कलम उभ्यानेच वाचले. सही केली. मग माझ्या डाव्या बाजूला वाकून तो काहीतरी बोलला. मुलगी तोंडावर हात धरून बाहेर गेली, म्हणजे तिला ऐकू आले असावे. मी तिला विचारले नाही.