शेजारची सीट

९ मे

लाडा विकली. म्हणजे माझ्या नवऱ्याने, ल्युबेनने, विकली आणि जेवताना आम्हा मायलेकींना कळवलं. गिऱ्हाईक कुकोरेवो गावचा मिंचो – कोंबड्यांचं खाद्य वाहायला हवी आहे त्याला. सासऱ्यांची गाडी! आमची वरात हिच्यातून निघाली, झोर्नित्साला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्यातूनच. आणि आता कोंबड्या.

ल्युबेनला चंदेरी गाडी घ्यायची आहे. तिची सीट म्हणे गरम होते. आमच्या याम्बोलच्या उन्हाळ्यात!

झोर्नित्साचा शाळा संपल्याचा बॉल – नाचाची मेजवानी – झाला की मिंचो येऊन लाडा नेणार.

१२ मे

झोर्नित्साने जाहीर केलं: बॉलला लाडाच नेणार. स्वतः चालवत. लायसन्स हातात पडून महिनासुद्धा झालेला नाही.

ल्युबेनने तिच्यासाठी एक लांबलचक पांढरी गाडी ठरवून ठेवलीय, पांढऱ्या हातमोज्यांच्या ड्रायव्हरसकट. कारण मागल्या वर्षी शेजारच्या पेनकाबाईंचा मुलगा बग्गीतून गेला. (घोड्याने पाहुण्यांचे गुच्छ खाल्ले, ते पेनकाबाई सांगत नाहीत.) बॉलच्या संध्याकाळी अख्खी गल्ली फाटकाबाहेर उभी असते – मूल बघायला नव्हे, गाडी बघायला.

१५ मे

ल्युबेन म्हणतो, लोक काय म्हणतील. झोर्नित्सा म्हणते, मग लोकांना बसवा पांढऱ्या गाडीत.

मी ल्युबेनच्या बाजूने. भीती वाटते, दुसरं काही नाही. बॉलला निघालेली पोरं खिडक्यांतून कंबरेपर्यंत बाहेर लोंबत एकापासून बारापर्यंत ओरडत सुटतात, शाळेच्या एकेका वर्षाचा आकडा. त्या गोंधळात ही नवशिकी! तसं बोलून दाखवलं. ती भांडी पुसत होती, हात थांबला नाही.

"आई, तू शेजारच्या सीटवर बसून जन्मभर नसलेला ब्रेक दाबत आलीयस. तिथली चटई झिजलीय बघ."

जाऊन पाहिली. झिजलीय.

१६ मे

लायसन्स माझ्याकडेही आहे. मुदत संपत आली की नेमाने नवं करून आणते आणि कपाटात ठेवते. लग्नानंतर दोनदा चालवली. ल्युबेन शेजारी बसून असा काही श्वास ओढायचा, की इंजिनापेक्षा त्याचाच आवाज मोठा.

१८ मे

पोरीने तह मांडला. मी लाडा चर्चपर्यंत नेऊन परत आणायची. आणली, तर ती मुकाट्याने पांढऱ्या गाडीत बसेल. नाही आणली, तर बॉलपुरती लाडा तिची.

ल्युबेन आधी हसला. मग घाबरला. म्हणाला, "हिच्या हातात? त्यापेक्षा तूच ने बाई लाडा!" आणि मिरच्यांची बशी पुढे ओढली.

म्हणजे गल्लीत नाक कापलं गेलं तरी चालेल, पण बायकोच्या हातात चाक नको!

संध्याकाळी गाडीत जाऊन बसले. चाकामागे. आरसा माझ्याकडे वळवला. तेवढ्यात पेनकाबाई फाटकात आल्या, तर मी काच पुसायला लागले. लाज वाटली ती काच पुसण्याची.

१९ मे

नाही नेली.

२५ मे

बॉल. झोर्नित्साचा हिरवा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायात खेळाचे बूट. पांढरी गाडी आयत्या वेळी रद्द होईना, म्हणून तिच्यात पेनकाबाई बसल्या आणि हात हलवत मागून निघाल्या. लोकांना खरोखरच बसवलं!

सासूबाईंच्या तांब्याच्या कळशीतलं पाणी मी लाडाच्या मागे ओतलं – निघालेल्या माणसाची वाट पाण्यासारखी सरळ व्हावी म्हणून ओततात तसं. अर्धं माझ्याच बुटांवर.

गाडी कोपऱ्यावरून झोकात वळली. चौकातून पोरीचा आवाज आला, पार बारापर्यंत. खाली पाहिलं तर माझा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला.

२६ मे

गाडी धड. पोरगी धड. आवाज मात्र बसलाय. अंडी खुणेने मागितली. खाऊन झाल्यावर किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. बापाच्या नाही.

२८ मे

मिंचोला फोन करून सांगितलं, न्यायला येऊ नकोस. ल्युबेनला वाटलं, सौदा मोडला. वाटू दे.

२९ मे

लाडा कुकोरेवोला पोचवली. मी.

ल्युबेन शेजारी बसायला निघाला होता. म्हटलं, "तू घरी थांब. ती चटई पुरेशी झिजलीय." गल्लीत दोनदा बंद पडली. पेनकाबाईंनी दोन्ही वेळा पाहिलं. तिसऱ्यांदा निघाली. आरशात बघितलं – ल्युबेन फाटकाबाहेर, हातात उपडी कळशी, आणि माझ्यामागचा रस्ता ओला.